अक्कांबरोबर दाभोशाला

मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असा मोठा धबधबा शोधायला मला दीड महिना लागला. धबधब्यांना तोटा नाही. पण मी फोन करून जे विचारायचे त्याची उत्तरं कुणाकडे तयार नसत. "पायऱ्या किती आहेत? एक पायरी केवढी उंच? कठडा एका बाजूला की दोन्ही? आणि खुर्चीसारखा संडास वाटेत शेवटचा कुठे?" पलीकडचा माणूस म्हणायचा, "मॅडम, जास्त नाहीत हो पायऱ्या. पंधरा मिनिटांत माणूस खाली."

कुठला माणूस, हा माझा खरा प्रश्न होता.

मला न्यायचं होतं माझ्या मोठ्या नणंदेला. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. वय एकसष्ट. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला आणि उजवा पाय गेला. तेव्हापासून त्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर, म्हणजे दोन लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे, आणि हातात काठी. चिंचपोकळीला आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. अक्का खिडकीशी मशीन मांडून ब्लाऊज शिवतात, साड्यांना फॉल लावतात. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून शिवतात. लालबाग-परळच्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ आहेत, आणि कोण किती सुटली हे त्या कुणाला सांगत नाहीत.

धबधब्याचं खूळ आलं ते त्यांच्या एका गिऱ्हाइकाकडून. लग्न ठरलेली मुलगी, फोटो काढायला कुठेतरी लांब गेली होती. आल्यावर मोबाईल नाचवत घरी आली. "अक्का, बघा ना तुमचा ब्लाऊज कसला भारी दिसतोय!" अक्कांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हे मागं पाणी पडतंय ते खरं आहे की पडदा लावलाय?"

ती मुलगी गेली तरी अक्का मशीनवर बसेनात. मला म्हणाल्या, "एवढ्या वरून पडतं तर आवाज किती होत असेल गो?"

मी कपडे घडी करत होते. सवयीने बोलून गेले, "असतो थोडा. फोटोत मोठं दिसतं सगळं. एवढं काही खास नसतं, अक्का."

त्यांनी चष्मा काढला. आवाज न चढवता म्हणाल्या, "मंगल, तुम्ही महाबळेश्वरला गेलात, आल्यावर म्हणालात काही खास नव्हतं. गणपतीपुळ्याला गेलात, काही खास नव्हतं. पोरांना घेऊन केरळला गेलात, तिथंही काही खास नव्हतं. तीस वर्षं काही खास नसलेल्या ठिकाणी जाता कशाला?"

त्यांना मागे ठेवून जायची लाज वाटायची म्हणून परत आल्यावर आम्ही प्रत्येक जागा लहान करून सांगायचो. वाटायचं, त्यांना बरं वाटेल. त्यांना न्यायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

त्याच रात्री ठरवलं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "वेडी आहेस का? पाय घसरला तर? या वयात हाड मोडलं तर जोडणार कोण?" काळजीच होती ती. अक्कांना मांडीवर घेऊन खेळवावं तसं हे आयुष्यभर जपत आलेत. स्वतः धाकटे असून. मी म्हटलं, "वरून बघता येईल असाच शोधते. खाली उतरायचंच नाही." या अटीवर हे गप्प झाले.

सापडला तो जव्हारजवळचा दाभोसा. गाडी जवळपर्यंत जाते, वर पाहायला जागा आहे आणि उतरायच्या पायऱ्या तिथून वेगळ्या निघतात, असं तिकडच्या एका खाणावळवाल्याने नीट सांगितलं. त्या एकट्याने माझ्या प्रश्नांना हसण्याऐवजी "थांबा, उद्या बघून सांगतो" म्हटलं आणि खरंच सांगितलं.

दिवस ठरवणं हे वेगळंच प्रकरण झालं. भर पावसात दगड शेवाळलेले, त्यामुळे नको. गणपतीत आमच्या भागातून गाडी बाहेर काढणं म्हणजे विसरायचंच. आणि नवरात्र जवळ आलं की अक्कांना मान वर करायला सवड नसते. नऊ दिवसांच्या नऊ रंगांचे ब्लाऊज सगळ्या बायकांना आदल्या दिवशीच हवे असतात. राहिला तो मधला पंधरवडा. "पितृपक्षात कसलं फिरायला जाताय?" हे शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणाले.

"बाळा," अक्का म्हणाल्या, "आपला बाप मला खांद्यावर घेऊन राणीच्या बागेत न्यायचा. तो कशाला रागवेल?"

सकाळ

तळमजल्यावरच्या सावंतभाऊंची टुरिस्ट गाडी आहे. साडेपाचला त्यांनी गाडी जिन्याच्या अगदी तोंडाशी आणून लावली. मी घावने, चटणी, चहाचा थर्मास, टॉवेल, दुखण्याच्या गोळ्या, बँडेज, जादा चपला असं सगळं दोन पिशव्यांत भरलं होतं. अक्का जिना उतरून आल्या आणि मी पाहतच राहिले. अंगात पंजाबी ड्रेस. तीस वर्षांत त्यांना साडीशिवाय मी पाहिलं नव्हतं. साडी कॅलिपर झाकते. मोरपंखी रंग, सलवार चांगली घेरदार, उजव्या पायाला बाजूने बटणं.

"कधी शिवलात?"

"तू फोन करत बसायचीस तेव्हा," असं म्हणून त्या पुढच्या सीटवर बसल्या, पाय आत घेतला आणि सावंतांना म्हणाल्या, "चला भाऊ, खिडकी उघडी ठेवा. मला एसी नको."

मनोरपर्यंतचा रस्ता सांगण्यासारखा नाही. ट्रक आणि खड्डे. तिथे हायवे सोडून आत वळलो, विक्रमगड मागे पडलं, आणि दोन्ही बाजूंना भात आला. पोटरीत आलेला, काही ठिकाणी लोंब्या दिसायला लागलेला. मधूनच नाचणीचे तांबूस हिरवे तुकडे. अक्का प्रत्येक गोष्टीचं नाव विचारत होत्या. सावंतभाऊ मूळचे कणकवलीकडचे, त्यांना शेतीतलं कळतं. ते सांगत होते आणि अक्का नुसतं "हां" म्हणत होत्या, मापं लिहून घेताना म्हणतात तसं.

जव्हारला चहासाठी थांबलो आणि उतरताना अक्कांच्या गुडघ्याजवळचा पट्टा तुटला. बक्कलपाशी चामडं फाटलं होतं. त्याशिवाय कॅलिपर धरत नाही, गुडघा मुडपतो. माझ्या दोन पिशव्यांतल्या एकाही वस्तूचा उपयोग नव्हता. मी म्हटलं, "राहू दे अक्का, परत जाऊ."

"इथवर येऊन? चांभार शोध."

बाजारात चपला शिवणारे एक म्हातारे गृहस्थ सापडले. त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटसुलट केला, म्हणाले, "हे असलं मी कधी केलं नाय बाय."

"मी सांगते," अक्का म्हणाल्या. त्यांच्या समोर लाकडी खोक्यावर बसल्या. "आतून एक तुकडा लावा. नाही, एवढा नको, बोटभर. आता टाका तिरका घ्या, सरळ घेतलात तर याच रेषेवर परत फाटेल." म्हाताऱ्यांनी दोन टाके घातले, थांबले आणि दाभण अक्कांच्या हातात दिली. "तूच घाल. तुझा हात बरा हाय." अक्कांनी उरलेले टाके घातले. ते बघत राहिले. शेवटी गाठ मारायची त्यांची एक वेगळी पद्धत होती, ती त्यांनी अक्कांना दाखवली. अक्कांनी दोनदा करून बघितली. दोघांनी मिळून अर्धा तास घेतला. निघताना म्हातारे मला म्हणाले, "बाय शिकलेली हाय तुझी." अक्का त्यानंतर गाडीत बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या.

दाभोसा

गाडीतून उतरल्या उतरल्या आवाज आला. पाण्याचा आवाज म्हणून मी काहीतरी खळखळ कल्पिली होती. हा तसा नव्हता. जमिनीखालून आल्यासारखा, एकसारखा, न थांबणारा. अक्का काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हाच?"

"हाच."

वरच्या जागेपर्यंतची पायवाट सोपी होती. सावंतभाऊ एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. रेलिंगपाशी पोचलो. समोर दरी, पलीकडे काळा कडा, आणि नदी येऊन काठावरून सरळ खाली सोडलेली. वरून तिचा माथा दिसतो, थोडा पांढरा पट्टा दिसतो, मग झाडं आणि धूर. पडते कुठे ते दिसत नाही. माझ्या मते छानच होतं. मी फोटो काढले, घावन्यांचा डबा उघडला. माझा बेत पार पडला होता.

अक्का रेलिंगवरून वाकून बघत होत्या. "मंगल, हे म्हणजे गॅलरीतून मिरवणूक बघण्यासारखं झालं. गणपतीचा मुकुट दिसतो आणि लोकांची डोकी."

"अक्का, ठरलं होतं ना."

"तुझं आणि बाळाचं ठरलं होतं. मला कुणी विचारलं?"

पायऱ्या जिथून सुरू होतात तिथे एक बाई काकड्या आणि उकडलेल्या शेंगा घेऊन बसली होती. चाळिशीची, सडपातळ, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं. नाव यशोदा. अक्कांनी तिला विचारलं, "पायऱ्या तुटलेल्या आहेत का?"

"मधी दोन-तीन जागी. बाकी बऱ्या हायेत," ती म्हणाली. तिने अक्कांच्या पायाकडे पाहिलं, पण नजर चोरली नाही. "जायचं हाय का?"

"जायचंय."

मी मग खरोखर रागावले. मी काय काय बोलले ते आता आठवलं तरी नको वाटतं. तुम्हाला काही झालं तर मी यांना काय तोंड दाखवू, तुम्हाला हौस आणि आम्हाला घोर, असं काहीबाही. सावंतभाऊ मध्ये पडले. "अक्का, मी पाठीवर घेतो. वजन काय तुमचं, गॅस सिलिंडर चढवतो मी."

"नको भाऊ. मला कुणाच्या पाठीवरून नाही बघायचं." मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात म्हणाल्या, "मंगल, चाळीचा जिना धुतलेला असतो तेव्हा मी कशी उतरते? बसून. तशीच जाईन. सलवारीला मागून दुहेरी कापड लावलंय मी. आत कॅनव्हास आहे."

म्हणजे ड्रेस शिवायला घेतला तेव्हापासून त्यांचं ठरलेलं होतं. मी पायऱ्या मोजत होते त्या वेळी त्या कापड मोजत होत्या. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी डबा बंद केला.

यशोदाने टोपली झाडाखाली ठेवली, वर फडकं टाकलं आणि न विचारता आमच्या पुढे निघाली. पहिल्या पायरीवर अक्का बसल्या. कॅलिपरचा पाय सरळ पुढे, डावा दुमडलेला, दोन्ही हात पायरीवर. मग अंग उचलून खालच्या पायरीवर. पुन्हा तसंच. यशोदा दोन पायऱ्या पुढे राहून पायाने ओला पाला बाजूला करायची, म्हणायची, "हलू बस बाय. हिथं हात नको ठेवू, तिकडं ठेव." काठी माझ्या हातात. सावंतभाऊ सगळ्यांत मागे, पिशव्या घेऊन.

खालून कॉलेजच्या पोरांचा एक घोळका वर येत होता. सगळे कडेला सरकले. एकाने मोबाईल वर केला. मी काही बोलणार, तेवढ्यात अक्काच म्हणाल्या, "काय रे, शूटिंग करतोस? मग माझा केस तोंडावर आलाय तो नीट करू दे आधी." त्यांनी ओलसर हाताने केस मागे सारले. तो पोरगा इतका ओशाळला की मोबाईल खिशात गेला. "सॉरी मावशी," म्हणाला. नंतर तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी तोच आणि त्याचा एक मित्र परत खाली आले, आणि सावंतभाऊंबरोबर उभे राहून अक्कांना धरायला हात दिले. तेवढे हात अक्कांनी घेतले.

पंधरा मिनिटांच्या वाटेला आम्हाला एक तास वीस मिनिटं लागली. अक्कांचे तळवे सोलले होते. मी आणलेली बँडेजं आता कामाला आली.

पायऱ्या संपतात तिथून पुढे नुसते धोंडे. तिथे एक रुंद सपाट दगड होता. त्याच्यावर अक्कांना बसवलं आणि मग आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं.

आता मला हे नीट सांगायचं आहे. पाणी वरून पडताना आधी अखंड असतं, एक जाड पांढरी दोरी. अर्ध्यावर येता येता ती सुटते. मग पाणी पडत नाही, उतरतं. झुलत, वाऱ्याने जरा इकडे, जरा तिकडे. आणि शेवटच्या टप्प्यात परत त्याला वजन येतं आणि ते डोहात असं आपटतं की छातीच्या पिंजऱ्यात जाणवतं. डोहाचा रंग कडेला हिरवा, मध्ये काळा. तुषार आमच्यापर्यंत येत होते. बोललेलं ऐकू येत नव्हतं. कड्याच्या कपारीतून पाकोळ्या, चिमणीएवढे काळे पक्षी, सुटत होत्या, थेट पाण्याच्या पडद्यामागे शिरून पुन्हा बाहेर येत होत्या. मी उभ्या आयुष्यात यापेक्षा मोठं काही पाहिलेलं नाही.

अक्का बघत होत्या. रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. किती तरी वेळाने त्यांनी खाली वाकून सलवारीची बाजूची बटणं उघडली आणि त्या कॅलिपरचे पट्टे सोडायला लागल्या. मांडीचा, मग सकाळी शिवलेला गुडघ्याचा, मग पोटरीचा. बूट काढला. आणि पाय बाहेर घेतला.

एका घरात तीस वर्षं राहून मी तो पाय कधी पाहिला नव्हता. मनगटाएवढा बारीक, गोरापान, लहान मुलीचा असावा तसा. पट्ट्यांच्या जागी काळे वळ. त्यांनी दोन्ही हातांनी तो उचलला आणि दगडाच्या कडेने वाहणाऱ्या पाण्यात सोडला.

आणि दचकल्या. "अगं आई गं! बर्फ आहे बर्फ!"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "अक्का, तुम्हाला कळतं? त्या पायाला?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "कळतं गो. का नाही कळणार? बळ गेलंय पायातलं. कळणं नाही गेलं."

मला वाटायचं, तो पाय म्हणजे लाकूड. सगळ्या घराला तसंच वाटत असावं. गर्दीत त्यावर कुणाचा पाय पडायचा, पोरं खेळताना त्याला अडखळायची, मी स्वतः कितीदा त्याच्यावर वस्तू ठेवली असेल. त्यांनी कधी हूं म्हटलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

यशोदा शेजारच्या दगडावर बसली. तिने काकडी फोडून चौघांना वाटली. अर्धा तास आम्ही तिथे होतो.

परत

चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागला. पाठ डोंगराकडे, तोंड धबधब्याकडे, एकेक पायरी मागे सरकत. दर दहा पायऱ्यांनी विसावा. एकदा अक्का म्हणाल्या, "आता नाही होत गो," आणि डोळे मिटून बसून राहिल्या. तेव्हा मला भीती वाटली. यशोदाने त्यांचे खांदे दाबले, पाणी पाजलं, आणि तिच्या घरी जेवायला काय आहे ते सांगत बसली. नाचणीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी. "खुरासणी म्हणजे?" अक्कांनी डोळे न उघडता विचारलं. मग उरलेल्या पायऱ्या खुरासणीच्या गोष्टीवर चढलो.

जेवलो यशोदाकडेच. कुडाच्या भिंतीचं घर, सारवलेली थंड जमीन. आमच्याकडे सगळ्यात ओलं खोबरं, इथे खोबऱ्याचा मागमूस नाही. खुरासणी नावाचं काळं बारीक बी भाजून, मिरची-लसूण घालून कुटलेलं. तेलकट, खमंग, जिभेला जरा कडवट. अक्कांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आमचे घावने यशोदाच्या घरच्यांनी चवीने खाल्ले, जाळी पडलेली बघून तिच्या सासूने विचारलं, "याला भोकं कोण पाडतं?"

घरी पोचायला साडेनऊ झाले. हे जिन्याच्या तोंडाशी उभे होते. किती वेळ ते त्यांनी सांगितलं नाही. अक्कांचे बँडेज बांधलेले हात बघून यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काही बोलायच्या आधीच अक्का म्हणाल्या, "तिला काही बोलू नकोस. भूक नाहीये, झोपायचंय मला."

पुढचे तीन दिवस त्यांना उठवेना. खांदे, दंड, कंबर, सगळं ठणकत होतं. ब्लाऊजची कापडं येऊन पडत होती. मी कामावरून रजा घेतली. चौथ्या दिवशी संध्याकाळी तेल कोमट करून बसले, हातांना लावलं, पाठीला लावलं, डाव्या पायाला लावलं. वाटी उचलून निघणार होते. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी चादर बाजूला केली, दोन्ही हातांनी उजवा पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मी तळव्यापासून सुरुवात केली. पोटरीशी आले.

"हळू, मंगल," त्या म्हणाल्या. "तिथं दुखतंय."